गप्प बसा, बँक बोलतेय

लिही बोमी. आणि मधेच "आजी, थांब थांब" करू नकोस. माझी गाडी एकदा थांबली की पुन्हा सुरू व्हायला वेळ लागतो.

ओक-सिमताईचं सांगते. आपल्या तोंगयंगमध्ये कालवं सोलायच्या शेडमध्ये जा आणि विचार, सगळ्यात भरभर हात कुणाचा? बाया हिच्याकडं बोट दाखवतील. मग विचार, एका जागी बूड टेकवत नाही अशी कोण? तरी हिच्याकडंच. आमचं काम उभ्यानं करायचं म्हणून ही टिकली, नाहीतर मालकानं कधीच घालवली असती. जेवायला बसली तरी एक गुडघा वर. जशी काही आत्ता कुणी हाक मारणार आणि ही पळणार.

पहिल्यापासून अशी नव्हती म्हणतात. योकजी बेटावरची पोर, रताळ्याच्या शेतात वाढलेली, लग्न करून इकडं आली. नवरा मांदेलीच्या बोटीवर. एक दिवस "जेवायला येतो" म्हणून गेला. ही ताट झाकून बसली. बसली ती बसलीच. बोट काही आली नाही. पोरगी हे-जंग तेव्हा रांगत होती. तेव्हापासून वाट बघायची म्हटलं की हिचे पाय उभे राहतात. मला एकदा म्हणाली, "चान-होची आई, बसून वाट बघितली ना, की माणूस येत नाही."

नवऱ्यानं मागं काय ठेवलं? एक शिक्का. बोराच्या लाकडाचा, त्यानं स्वतः कोरून घेतलेला, तिच्या नावाचा, बँकेत सहीच्या जागी उमटवायचा. बोराचं लाकूड शुभ. तो शिक्का ती कापडी पिशवीत घालून पोटाशी बांधायची आणि पगार झाला की कोपऱ्यावरच्या बँकेत जायची. तिथं खिडकीत नाम बाई असायची. ताईला खुर्ची द्यायची, ताई बसायची नाही. गोड गोळी द्यायची, ती मात्र खिशात घालायची. वर्षाच्या शेवटी बँकेचं कॅलेंडर. बँकेचं कॅलेंडर भिंतीवर असलं की घरात पैसा टिकतो, हे तर तुलाही माहीत आहे. तुझी आई हसते, पण तिच्याही स्वयंपाकघरात आहेच ते.

त्या नाम बाईवर ताईचा एवढा जीव का, तर ऐक. एकदा ताईला फोन आला. पलीकडं एक पोरगी हुंदके देत, "आई, मला पकडून ठेवलंय, पैसे पाठव." ताई हातातली सुरी टाकून, रबरी बूट तसेच, बँकेत पळाली. "सगळे काढ. लवकर काढ." नाम बाईनं पैसे नाही काढले. तिनं खिडकीतनं हात बाहेर काढून ताईचा हात धरला आणि म्हणाली, "काकू, आधी माझ्याकडं बघा. चेहरा पांढरा पडलाय तुमचा. कुणाचा फोन होता?" ताई भांडायला लागली. तिनं हात सोडला नाही, दुसऱ्या हातानं हे-जंगला फोन लावला. हे-जंग चांगवनला तिच्या कारखान्यात होती, सुट्टीत शेवया खात होती. "आई, मला कोण पकडणार, मला तर सुपरवायझरनंच पकडून ठेवलंय," म्हणाली. तेव्हापासून ताईचं एकच. जी बँक माझा चेहरा बघते, ती बँक.

आणि नेमकी तीच बँक बंद झाली. दारावर कागद चिकटवला, की आमचं ऑफिस आता पुलापलीकडं. लोक फोनवरच सगळं करतात म्हणे, इथं येतं कोण? ताई त्या कागदाशी भांडली, "मी येते ना!" मग ती बस बदलून पुलापलीकडं जायला लागली, नाम बाईही तिकडंच गेलेली. येताना पिशवी पोटाशी धरून उभी राहायची. मी सोबत असले की माझ्या कानात, "तो टोपीवाला बघ, मघापासून बघतोय." तो बिचारा झोपलेला असायचा.

हे-जंगला हे बघवेना. नव्या वर्षाला आली आणि आईच्या फोनमध्ये बँक घालून दिली. ही नुसती फोनमधलीच बँक. हिचं ऑफिस नाही, खिडकी नाही, कुठं काही नाही.

ताई म्हणाली, "हिला दार कुठाय?"

"दार नाही आई, म्हणून तर चोर शिरत नाही."

"मग मी कुठनं शिरू?"

"अंगठ्यानं. लाव इथं."

ताईनं अंगठा लावला. फोन ओळखेना. पुसून लावला, थुंकी लावून लावला, दुसरा लावला. आमच्या कामात हातमोजा कितीही घाला, शिंपल्याची चुनखडी आत जातेच, आणि जन्मभर ती बोटं खात बसते. ताईच्या अंगठ्यावर रेघाच उरल्या नव्हत्या. नव्या बशीसारखा गुळगुळीत.

"बघ," ताई म्हणाली, "ही मला ओळखतच नाही, आणि मी हिला पैसे देऊ?"

मग हे-जंगनं आकडे घालून दिले, आणि चालायला लागलं ते. खोटं कशाला बोलू, ताईला ते आवडायलाही लागलं. मासळीवाल्याला तिथल्या तिथं पैसे, व्याज चार घास जास्त, रविवारीसुद्धा बँक उघडी. आमच्या शेडच्या बायांची सहलीची वर्गणीसुद्धा आम्ही तिथंच ठेवली. आधी ती एकीकडं असायची, आणि बाकीच्या सगळ्या तिच्या नव्या स्वेटरकडं बघायच्या. आता जिला बघायचं तिनं फोनमध्ये बघावं, किती जमले, कुणी दिले नाहीत. भांडणं बंद. म्हणजे काय, दुसऱ्या कारणावरून सुरू.

पण मन नव्हतं शांत. दिवसातनं किती वेळा तो फोन काढायची आणि बघायची, आहेत का. मी म्हणलं, "ताई, पैसे काय दुधासारखे उतू जातात का?" म्हणाली, "दूध उतू जाताना दिसतं तरी."

आता घराचं. ताईचं घर तुला आठवतं, टेकडीवरचं, पायऱ्या पायऱ्या चढून जायचं. तिचे गुडघे गेले. शेवटी शेवटी ती उलटी होऊन, हात टेकून पायऱ्या उतरायची, आणि लोकांनी बघू नये म्हणून अंधारातच कामाला निघायची. खाली बंदराजवळ एक घर भाड्यानं निघालं. एका पातळीत, उंबरठासुद्धा बोटभर. मालकीण म्हातारी, मुलाकडं जिन्जूला चाललेली, म्हणून आम्ही तिला जिन्जूची आजीच म्हणायचो. महिन्याचं भाडं नाही, एकदम मोठं डिपॉझिट, घर सोडताना परत मिळणारं. ताईचं टेकडीवरचं डिपॉझिट परत मिळणार, त्यात थोडी भर घालायची, की झालं. करार झाला, दहावा हिस्सा देऊन झाला. बाकीचे घर बदलायच्या दिवशी. त्या दिवशी दिले नाहीत तर घरही गेलं आणि तो दहावा हिस्साही. आणि ताईकडं दुसरं काय होतं गं? जे होतं ते एवढंच.

दिवस ताईनं बँकेच्या कॅलेंडरवर बघून ठरवला. बिनबाधेचा दिवस. सामान हलवताना माणसाच्या मागं लागणारं भूत त्या दिवशी वर गेलेलं असतं. अर्थात सगळ्या गावाला तोच दिवस हवा, त्यामुळं ट्रक मिळेना, मिळाला तो महाग.

टेकडीवरच्या घराचा मालक सोल शहरातला तरुण पोरगा. त्यानं विचारलं, "पैसे कुठल्या खात्यात टाकू?" झालं. ताईची झोप उडाली. सोलता सोलता माझ्याशी बोलायची. पासबुकात टाक म्हणावं, तर त्या दिवशी सामानाचा ट्रक सोडून पुलापलीकडं जायचं, नंबर घेऊन बसायचं, तेवढ्यात आजीचं डोकं फिरलं तर? फोनमध्ये टाक म्हणावं, तर एवढा पैसा त्या बिनदाराच्या बँकेत? हे-जंग म्हणायची, "आई, इकडनं आला, तिकडं गेला. ट्रकमध्ये बसल्या बसल्या होईल."

शेवटी ताईनं फोनचं खातं सांगितलं.

त्या दिवशी सकाळी सामान चढलं. किमचीचे डबे, घोंगड्या, कॅलेंडर. फोन टिंग वाजला. आले! सगळं डिपॉझिट आलं. ताईनं मला मिठी मारली. आम्ही ट्रकमध्ये बसून खाली आलो. जिन्जूची आजी दारात कोट घालून उभी, शेजारी एजंट मेंग, कागदांची पिशवी घेऊन. ताईनं आकडे दाबले. फोननं लाल अक्षरं दाखवली.

मेंगनं वाचलं. "काकू, खातं नवीन आहे तुमचं. यातनं दिवसाला थोडेच पैसे बाहेर जातात. येतील कितीही."

"थोडे म्हणजे?"

त्यानं सांगितलं. तेवढ्यात घराचं दार आलं असतं, कडी नसती आली.

हे-जंगनं स्वतःच्या खात्याची मर्यादा कधीच वाढवून घेतली होती, आईच्या खात्यावर ती असेल हे तिच्या डोक्यातच आलं नाही. तिला फोन लावला तर तिचा फोन कारखान्याच्या कपाटात बंद. जिन्जूची आजी म्हणाली, "मला काय ते माहीत नाही. चारला माझ्या बँकेचं शटर पडतं. माझ्या पासबुकात छापून आलं पाहिजे. नाहीतर मेंग, त्या पलीकडच्या नवरा-बायकोला बोलाव, ते रोख घेऊन बसलेत."

ताई ट्रकभोवती फिरायला लागली. एक फेरी, दुसरी फेरी, गुडघ्यांची करकर मला ऐकू येत होती. मेंगनं त्या बँकेचा नंबर शोधला. खूप वेळ गाणं वाजलं. मग एक पोरगी बोलली, गोड आवाज. ताईनं फोन मोठ्यानं लावला, आम्हाला सगळ्यांना ऐकू यावं म्हणून.

"ग्राहक महोदया, ही रक्कम कुणाला पाठवायची आहे?"

"जिन्जूच्या आजीला."

"आपलं त्यांच्याशी नातं काय?"

"नातं कसलं? घर घेतेय तिचं."

मेंग मागनं ओरडला, "भाड्यानं म्हणा, भाड्यानं!"

मी म्हणलं, "ताई, ट्रक उभाय ते सांग ना तिला!"

आजी म्हणाली, "शटर पडतंय, शटर!"

ट्रकवाला पोरगा खिडकीतनं म्हणाला, "काकू, सगळ्याला हो म्हणा. म्हणजे लवकर होतं."

फोनमधल्या पोरीचा सूर बदलला. मग हळू आवाजात म्हणाली, "महोदया, आपल्या शेजारी कोण आहे? काय बोलायचं ते आपल्याला कुणी सांगतंय का?"

आता ताई खोटं बोलत नाही. म्हणाली, "हो. चौघं सांगतायत."

"घाई करा असं कुणी म्हणतंय?"

"सगळेच!"

"आज पैसे पाठवले नाहीत तर नुकसान होईल, असं सांगितलंय का आपल्याला?"

"म्हणजे काय! सगळं बुडेल म्हणाले!"

"घाबरू नका महोदया," ती पोरगी म्हणाली. "आपल्या सुरक्षेसाठी आम्ही खातं थांबवतोय. आपण आहात तिथंच थांबा."

आणि बंद. आधी थोडे तरी जात होते, आता एक पैसा हलेना. बोमी, आम्ही चौघं तिथं असे उभे, जसं काही कालवं सोलायला गेलो आणि आपलंच बोट सोललं. एकटीला बोलू दिलं असतं तर? पण आम्ही कधी कुणाला एकटं बोलू दिलंय? डॉक्टरकडं गेलं तरी एकीचं दुखणं तिघी सांगतात.

थोड्या वेळानं पोलीस आला. कोवळा पोरगा. बँकेनंच पाठवला. विचारतो, "फसवणूक करणारे कोण?"

ट्रकवाल्यानं मेंगकडं बोट दाखवलं. मेंगनं जिन्जूच्या आजीकडं बघितलं. पोलिसानं आजीचं ओळखपत्र मागितलं, आणि आजी अशी भडकली! "माझा नवरा पोस्टात होता! आख्खं बंदर ओळखतं मला, आणि तू मला चोर म्हणतोस? तुझी आजी कोण? नाव सांग तिचं!" त्यानं नाव सांगितलं. आजी ओळखत होती. मग तो जरा खाली बसला, करार वाचला, बँकेशी बोलला. म्हणाला, "उद्या सकाळी तुम्हाला फोन येईल, चेहरा दाखवून बोलायचं. एकटीनं. कुणी शेजारी नको." आणि आमच्याकडं असं बघितलं, की मी खाली बघितलं.

उद्या! दिवस तर आजचा.

ताईची पुन्हा फेरी सुरू. मी म्हणलं, "ताई, बस गं जरा." म्हणाली, "बसले की जाईल ते." मला कळलं कुठलं बोलतेय.

आजी तिकडं मेंगला म्हणत होती, "बोलाव त्या नवरा-बायकोला."

ताई थांबली. मग ट्रकवर चढायला लागली, तसल्या गुडघ्यांनी. ट्रकवाल्यानं खालनं ढकललं, मी शिव्या दिल्या. घोंगड्या बाजूला करून तिनं भाताचा कुकर काढला. पोटाशी धरून आजीच्या दाराशी गेली. उंबरठ्याच्या अलीकडं उभी राहिली.

"आजीबाई, मला जागा नका देऊ," म्हणाली. "ह्याला द्या. दिवस आजचा आहे."

तुझ्या वयाच्या पोरांना वाटेल, कुकर तो कुकर. पण सामान त्या दिवशी हलवता नाही आलं तर आपल्यात भाताचा कुकर आधी आत नेतात. कुकर आत गेला की घरानं तुम्हाला घेतलं. आणि भरला कुकर दारातनं परत पाठवणं म्हणजे... जिन्जूच्या आजीला ते माझ्यापेक्षा जास्त माहीत.

आजी पुढं झाली. कुकरकडं बघत होती. मग विचारलं, "रिकामा आहे?"

"नाही. सकाळी लावलाय. सामान चढवणारे उपाशी राहतील म्हणून."

"पाणी जास्त झालंय का? तुझ्याकडं बघून वाटतंय, झालं असणार."

"झाकण उघडून बघा."

आजीनं उघडलं. वाफ आली. आजीनं कुकर घेतला, आत नेऊन ओट्यावर ठेवला आणि बाहेर येऊन म्हणाली, "कुकर आत, तू बाहेर." ताईचं तोंड इवलंसं झालं. मग आजी म्हणाली, "नाहीतर ये आत. एवढा भात मी एकटी कशी खाऊ? पण ऐक, चावी माझ्याजवळच. आणि मी इथनं हलत नाही, छापून येईपर्यंत." जिन्जूला मुलाला फोन केला, उद्या येते म्हणाली. सामान आम्ही शेडमध्ये उतरवलं, मालकाच्या शिव्या खात.

दोघी त्या रिकाम्या घरात राहिल्या. एकीला वाटतंय पैसे येणार नाहीत, दुसरीला वाटतंय ही उठून दार लावून घेईल. ताई सांगते, आजी चावी कंबरेला बांधून, दाराला पाठ लावून पडली होती. आणि ही? ही उभीच असणार.

सकाळी मी गेले तोवर दोघींनी उरलेला भात पाण्यात घालून खाल्ला होता. फोन वाजला. मी पुढं झाले तर ताईनं हात वर केला. "कुणी नको. चान-होची आई, तू तर नकोच नको." आणि न्हाणीघरात जाऊन कडी लावली. आम्ही बाहेर, आजी दाराला कान लावून. मी तिला ओढलं, तिनं मला ढकललं. आतनं एवढंच ऐकू आलं, "डावीकडं? बघितलं. उजवीकडं? बघितलं. नाही बाई, फोटोत केस काळे होते, आता हेच आहेत." मग बराच वेळ हळू आवाज. काय बोलली ते तिनं आजवर सांगितलं नाही. मला तर वाटतं, पायऱ्यांचं सांगितलं असणार.

कडी उघडली. बँकेनं त्या एका वेळेपुरती मर्यादा सोडली होती. टिंग. गेले.

आजी म्हणाली, "टिंग मला नको. छापून दाखव."

मग दोघी बसमधनं पुलापलीकडं गेल्या, मी मागं. ताई उभी, आजी बसलेली, दोघी एकमेकींच्या पिशवीवर नजर ठेवून. आजीचं खातंही तिथलंच, खिडकीत नाम बाई होती. तिनं आजीचं पासबुक मशिनीत घातलं, टकटक टकटक झालं. आजीनं त्या ओळीवर बोट ठेवलं, नाम बाईकडून मोठ्यानं वाचून घेतली, पुन्हा एकदा वाचून घेतली. मग मागं वळून, कोट वर करून, कंबरेची चावी सोडली. तिथंच, सगळ्यांसमोर. चावी गरम होती म्हणे.

आता ताई बंदराजवळ राहते. कॅलेंडर लावलंय. मागं हे-जंग आली होती, म्हणाली, "आई, मर्यादा वाढवून देते." ताई म्हणाली, "राहू दे. दार नाही तर नाही, निदान भोक तरी लहान असू दे." बाजारहाटाचे पैसे फोनमध्ये, बाकीचे पुलापलीकडं, नाम बाईजवळ. नाम बाई पुढच्या साली निवृत्त होतेय. ते आठवलं की ताई पुन्हा फिरायला लागते.

आणि अजून एक सांगते, हेही लिही. फोन वाजला की ती हातातलं टाकते आणि न्हाणीघरात जाऊन कडी लावते. आम्ही कुणी बाहेर हसलो की आतनं ओरडते, "गप्प बसा, बँक बोलतेय!"

बहुतेक वेळा तळलेल्या कोंबडीची जाहिरात असते. पण ती पूर्ण ऐकून घेते.